घर विकून गाव सोडताना : कर कोणाचा, किती आणि केव्हा?

कोकणातील घर विकून दुसरीकडे कायमचे राहायला जाणाऱ्या वाचकांची पाच पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली असून मजकूर थोडा आटोपता केला आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंत झालेल्या विक्रीला १९६१ चा आयकर कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा अमलात आला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून उत्तरांत आयकराच्या कलमांचे क्रमांक टाळून तरतुदीच सांगितल्या आहेत.

प्रश्न : माझे वय ६८ आहे. दापोली तालुक्यात समुद्रकाठच्या आमच्या गावी वडिलांनी १९७४ साली बांधलेले चिरेबंदी घर होते. वडील २०१६ साली वारले आणि मी एकटाच वारस असल्याने घर माझ्या नावावर झाले. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात छप्पर उडाले, तेव्हा साडेतीन लाख रुपये खर्चून ते नव्याने उभे केले. जानेवारी २०२६ मध्ये हे घर ३२ लाख रुपयांना विकले आणि आता आम्ही दोघे बेळगावला मुलीकडे कायमचे राहायला जात आहोत. गावातील एका जाणत्या गृहस्थांनी सांगितले की, राज्य सोडण्यापूर्वी विक्रीवरचा महाराष्ट्र सरकारचा कर भरून दाखला घ्यावा लागतो. तो कोठे भरायचा?

उत्तर : असा कोणताही कर नाही आणि असा दाखलाही नाही. शेतीखेरीज अन्य उत्पन्नावर आयकर बसवण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्राकडे दिलेला आहे, आणि घर विकून झालेला भांडवली नफा हा त्या आयकराचाच भाग आहे. तुम्ही बेळगावला गेलात, गोव्याला गेलात किंवा दापोलीतच राहिलात, तरी या नफ्यावरील करात एका रुपयाचाही फरक पडत नाही. या व्यवहारात राज्य सरकारला जे मिळते ते मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी. वेगळा करार केलेला नसेल तर मुद्रांक शुल्क खरेदीदाराने भरायचे असते, आणि नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये असते. तुमच्या बाजूने गावात भरायची उरते ती घरपट्टी, पाणीपट्टी आणि जमिनीचा सारा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, खरेदीदाराचे नाव चढले आहे की नाही, हे मात्र गाव सोडण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहा. नाव बदलले नाही तर घरपट्टीची मागणी तुमच्याच नावावर निघत राहते आणि चार-पाच वर्षांनी थकबाकीची नोटीस बेळगावच्या पत्त्यावर येते.

खरा प्रश्न केंद्राच्या कराचा आहे आणि तेथे तुमच्या हातात बरेच काही आहे. घर वडिलांचे असल्याने, त्यांच्याकडे ते होते तो काळही तुमच्या मालकीच्या काळात धरला जातो. मालकी २४ महिन्यांपेक्षा जास्त झाल्यामुळे नफा दीर्घकालीन ठरतो. घर २००१ पूर्वीचे असल्याने मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ रोजीचा बाजारभाव घेता येतो. त्याला एक मर्यादा आहे : त्या तारखेचे मुद्रांक शुल्कासाठीचे सरकारी मूल्य उपलब्ध असेल, तर बाजारभाव त्याहून जास्त दाखवता येत नाही. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर कराचा दर १२.५ टक्के झाला आणि महागाईच्या निर्देशांकाने मूळ किंमत वाढवून धरण्याचा लाभ काढून घेण्यात आला. परंतु त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनी व इमारतींच्या बाबतीत, भारतातील निवासी व्यक्तीला निर्देशांक लावून २० टक्के दराने हिशेब करण्याची मुभा ठेवलेली आहे. दोहोंपैकी जो कर कमी येईल तोच भरायचा.

हे आकड्यांत पाहू. समजा २००१ सालचे मूल्य ४ लाख रुपये निघाले. नव्या पद्धतीने नफा २८ लाख आणि कर ३,५०,००० रुपये. जुन्या पद्धतीत २००१-०२ चा निर्देशांक १०० आणि २०२५-२६ चा ३७६ असल्याने ४ लाखांचे १५,०४,००० होतात, नफा १६,९६,००० उरतो आणि २० टक्के दराने कर ३,३९,२०० रुपये येतो. फरक जेमतेम अकरा हजारांचा आहे. पण मूल्य ६ लाख निघाले तर नव्या पद्धतीने ३,२५,००० आणि जुन्या पद्धतीने फक्त १,८८,८०० रुपये कर येईल. या सर्वांवर ४ टक्के उपकर वेगळा. दोन लाखांच्या मूल्यफरकाने कर दीड लाखाने खाली येतो, म्हणून नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून २००१ चा अहवाल करून घेण्याचा खर्च वाचवू नये.

एका मूल्यांकनकारांबरोबर मी अशाच एका घरी गेलो होतो. त्यांनी पडवी, ओटी, माजघर, सगळे फीत लावून मोजले, भिंतीचे चिरे पाहिले आणि मग विचारले, की २००१ साली मागची पडवी होती याला पुरावा काय? घरमालकीणबाईंनी पेटीच्या तळातून पिवळ्या पडलेल्या घरपट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा काढला. त्याच गठ्ठ्यात १९९८-९९ चा आकारणीचा उतारा होता आणि त्यावर घराचे वर्णन ‘चिरेबंदी, कौलारू, मागील पडवीसह’ असे शाईने लिहिलेले होते. ते कागद हाती आल्यावर सगळ्या बांधकामाचे मूल्य धरता आले. गाव सोडताना जुने कागद अंगणात जाळण्याची आपल्याकडे रीत आहे. कृपा करून घरपट्टीच्या पावत्या आणि उतारे त्यात टाकू नका.

छपराच्या खर्चाविषयी : नुसती डागडुजी किमतीत धरता येत नाही, सुधारणा धरता येते. जुने वासे व कौले जाऊन त्या जागी लोखंडी सांगाडा आणि नवे पत्रे आले असतील, किंवा भिंती उंचावल्या असतील, तर ती सुधारणा आहे असे मांडता येईल. फुटलेली कौले बदलली असतील तर नाही. बिले, बँकेतून दिलेले पैसे आणि वादळानंतरचा पंचनामा जपून ठेवा. सरकारी मदत मिळाली असेल तर तेवढी रक्कम खर्चातून वजा करा. खर्च मान्य झाला तर नव्या पद्धतीतही कर ४३,७५० रुपयांनी कमी होतो.

कर टाळण्याचे कायदेशीर मार्ग दोन. विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत भारतात कोठेही राहते घर विकत घेतले, अथवा तीन वर्षांत बांधले, तर गुंतवलेल्या रकमेपर्यंत नफा करमुक्त होतो. ते घर बेळगावला असले तरी चालते, पण ते तुमच्या नावावर असावे, मुलीच्या नावावर नसावे. मुलीकडेच राहणार असल्याने घर घ्यायचे नसेल, तर आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी वित्तसंस्थांच्या भांडवली नफ्यासाठीच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत रक्कम पाच वर्षांसाठी गुंतवता येते. त्याची मुदत हस्तांतरापासून सहा महिने, म्हणजे तुमच्या बाबतीत जुलै २०२६ आहे. ती चुकली तर पुन्हा मिळत नाही. रक्कम ठरवताना निर्देशांक न लावता आलेला नफा धरणे सुरक्षित. घर घ्यायचे ठरले आणि विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत, तर ते बँकेतील भांडवली नफा खात्यात भरावेत. साध्या मुदत ठेवीत ठेवले तर सूट जाते.

एक गैरसमज मला अनेक ज्येष्ठांच्या पत्रांत दिसतो आणि त्याची काळजी वाटते. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ ही सवलत या नफ्याला लागू नाही. तुमचे बाकीचे उत्पन्न ४ लाखांच्या मूळ करमुक्त मर्यादेपेक्षा कमी असेल, तर तेवढा कमी पडणारा भाग या नफ्यातून वजा होतो, इतकेच. मात्र धंद्याचे उत्पन्न नसलेल्या ६० वर्षांवरील निवासी व्यक्तीला आगाऊ कर भरावा लागत नाही, तेव्हा विवरणपत्रापूर्वी एकरकमी भरला तरी चालेल.

प्रश्न : मालवण तालुक्यातील खेड्यात आमचे गावठाणातले घर आणि त्याला लागून दीड एकर कलमबाग आहे. मुंबईच्या एका खरेदीदाराने दोन्ही मिळून ५८ लाख रुपये देऊ केले आहेत. एकच खरेदीखत करून एकच रक्कम लिहावी, म्हणजे भानगड नको, असे मध्यस्थ म्हणतात. पैकी दहा लाख रोख मिळतील. बागेच्या सातबाऱ्यावर ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा आहे.

उत्तर : मध्यस्थांचे ऐकू नका. भानगड टाळण्यासाठी म्हणून ते सुचवत आहेत त्यानेच भानगड होईल.

ग्रामीण शेतजमीन ही आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नाही, त्यामुळे तिच्या विक्रीच्या नफ्यावर कर नाही. घर आणि त्याखालची जागा मात्र करपात्र. एकच रक्कम लिहिली तर तिची फोड कशी करायची यावर पुढे वाद होतो आणि फोड सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते. म्हणून खरेदीखतात घराची किंमत वेगळी व बागेची वेगळी लिहा, शक्य तर दोन दस्त करा, आणि फोड सरकारी मूल्यदर तक्त्याशी ताडून पाहा. लिहिलेल्या किमतीपेक्षा सरकारी मूल्य १० टक्क्यांहून अधिक असेल, तर घराच्या बाबतीत सरकारी मूल्यच विक्रीची किंमत धरले जाते, मग हातात कितीही आलेले असो. खरेदीदाराने १ टक्का उगमकर (टीडीएस) कापण्याचा नियम ५० लाख व त्यावरील स्थावराला आहे, आणि त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. फोड नीट असेल तर तुमच्या व्यवहारात ही कपातही होणार नाही.

आता ‘ग्रामीण’ म्हणजे काय, हे बारकाईने पाहा. १० हजार ते १ लाख लोकसंख्येच्या नगरपरिषदेच्या हद्दीपासून सरळ हवाई अंतराने दोन किलोमीटरच्या आतली शेतजमीन ग्रामीण धरत नाहीत. मालवण नगरपरिषदेची लोकसंख्या १० हजारांवर आहे. तुमची बाग हद्दीपासून दीड किलोमीटरवर असेल तर ती करपात्र, अडीच किलोमीटरवर असेल तर करमुक्त. खाडीला वळसा घालून जाणारा रस्ता चार किलोमीटर असला तरी मोजायचे ते कावळ्याच्या उड्डाणाने. अंतराचा दाखला आणि बाग चालू असल्याचा पुरावा, म्हणजे सातबाऱ्यावरील पिकाची नोंद, विक्रीपूर्वीच घेऊन ठेवा.

कलम ४३ चा शेरा आहे याचा अर्थ ती जमीन कुळकायद्याने तुमच्या घराण्याला मिळालेली आहे. खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीनंतर पूर्वपरवानगी लागत नाही. आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या साऱ्याच्या, चाळीस पट नजराणा सरकारजमा करावा लागतो. आकार फार थोडा असल्याने ही रक्कमही लहान असते. ही खरोखरच राज्याला द्यावयाची रक्कम आहे आणि ती विक्रेत्याने भरायची आहे. पण खरेदीदार शेतकरी असलाच पाहिजे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. मुंबईच्या गृहस्थांकडे त्यांच्या नावाचा सातबारा मागा आणि तो पाहिल्याशिवाय विसार घेऊ नका.

रोखीबद्दल स्पष्टच सांगतो. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास मनाई आहे, मग तो विसार का असेना. दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. दहा लाख रोख घ्याल तर दहा लाख दंडाची टांगती तलवार घेऊन गाव सोडाल.

प्रश्न : रत्नागिरी शहरातील वडिलोपार्जित घर आम्ही तिघे भावंडे ७५ लाखांना विकत आहोत. धाकटा भाऊ गेली नऊ वर्षे दुबईत आहे. बहिणीला दहा लाख रुपये देऊन हक्कसोडपत्र करून घ्यावे आणि विक्री आम्ही दोघांनी करावी, असा विचार आहे. यात कराचे काय?

उत्तर : वारस म्हणून तिघांचा हिस्सा समान असेल तर नफाही तिघांचा वेगवेगळा मोजला जातो, आणि घर किंवा रोखे घेऊन मिळणारी सूटही प्रत्येकाची स्वतंत्र असते. बहिणीने पैसे घेऊन हक्क सोडला तर तेही हस्तांतरच आहे आणि तिला त्यावर भांडवली नफ्याचा विचार करावा लागेल. तिला २५ लाखांच्या हिश्श्याऐवजी दहा लाख देण्यामागे तिची खुशी आहे की तिला हिस्सा किती हे कोणी सांगितलेलेच नाही, हे तुम्हीच स्वतःला विचारा. करासाठी तिघांनी मिळून खरेदीखतावर सह्या करणे आणि प्रत्येकाचे पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात जाणे हाच सर्वांत स्वच्छ मार्ग आहे.

एकूण किंमत ५० लाखांच्या वर असल्याने, प्रत्येकाचा हिस्सा २५ लाखांचाच असला तरी, खरेदीदाराने तुमच्या व बहिणीच्या रकमेतून १ टक्का, म्हणजे प्रत्येकी २५,००० रुपये उगमकर कापायचा आहे. भावाचे वेगळे आहे. तो अनिवासी असल्याने त्याला ही ५० लाखांची मर्यादा नाही, १ टक्क्याचा दरही नाही. १२.५ टक्के आणि उपकर मिळून १३ टक्के कापले जातात, आणि खरेदीदार खबरदारी म्हणून नफ्याऐवजी सगळ्या रकमेवर कापतात. २५ लाखांवर ते ३,२५,००० रुपये होतात. हे टाळायचे असेल तर भावाने खरेदीखतापूर्वी आयकर खात्याकडे कमी कपातीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. त्याला वेळ लागतो, म्हणून साठेखत होताच अर्ज करा. निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्याय अनिवासींना नाही, पण घर किंवा रोखे घेऊन मिळणारी सूट आहे. त्याचे पैसे त्याच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींसाठीच्या भारतातील रुपया खात्यात, जमा व्हावेत.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात आहे. तेथील घर विकून तो फ्लोरिडाला, किंवा कदाचित आमच्याकडे गुहागरला परत यायचे म्हणतो. न्यू जर्सी सोडून जाणाऱ्यांवर ‘एक्झिट टॅक्स’ असतो, असे त्याला मित्रांनी सांगितले आहे. तो खरा आहे का?

उत्तर : पहिल्या पत्रलेखकांना त्यांच्या गावात जे सांगितले गेले, त्याचे मूळ बहुधा अशाच गोष्टींत असावे. अमेरिकेत बहुतेक राज्यांचा स्वतःचा आयकर आहे. न्यू जर्सीत मात्र राज्य सोडल्याबद्दल वेगळा कर नाही. लोक ज्याला तसे म्हणतात ती त्याच आयकराची आगाऊ भरणा रक्कम आहे. विक्रेता तेथील रहिवासी उरला नसेल तर व्यवहार पूर्ण होताना नफ्यावर १०.७५ टक्के, पण किमान विक्रीकिमतीच्या २ टक्के, भरून घेतात. वर्षाअखेरीस विवरणपत्र भरल्यावर जास्त गेलेले पैसे परत मिळतात. शिवाय गेल्या पाच वर्षांपैकी दोन वर्षे ते त्याचे मुख्य राहते घर असेल, तर एकट्याला २,५०,००० आणि पतिपत्नींना ५,००,००० डॉलरपर्यंतचा नफा वगळता येतो. तशी घोषणा त्याने व्यवहाराच्या वेळीच भरून द्यावी. फ्लोरिडात व्यक्तींवर राज्याचा आयकर नाही, पण न्यू जर्सीतील घराच्या नफ्यावर हक्क न्यू जर्सीचाच राहतो.

गुहागरला यायचे असेल तर घर परतण्यापूर्वी, अनिवासी असतानाच विकणे सोयीचे. तसे केल्यास तो नफा भारतात करपात्र नाही. येथे पूर्ण निवासी झाल्यावर विकले तर जगभरचे उत्पन्न भारतात दाखवावे लागते, आणि अमेरिकेत भरलेल्या कराची वजावट वेगळा अर्ज भरून मागावी लागते.

प्रश्न : गुहागरजवळ आमचे घर आहे. त्यातील तीन खोल्यांत आम्ही बारा वर्षे पर्यटकांसाठी निवास-न्याहारी चालवली. आता सगळे विकून पणजीला जात आहोत. गाडीही सोबत नेणार आहोत. महाराष्ट्राचे काही देणे राहते का?

उत्तर : राहू शकते. व्यवसायकराची नोंदणी केली असेल तर वर्षाला २,५०० रुपये देय असतात, आणि व्यवसाय बंद केला म्हणून नोंदणी आपोआप रद्द होत नाही. थकबाकी भरून नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करा आणि रद्द झाल्याचा आदेश हाती येईपर्यंत पाठपुरावा ठेवा. घराच्या आयकराबाबत एक गोष्ट तुमच्या सनदी लेखापालांना अवश्य विचारा : त्या तीन खोल्यांवर इतकी वर्षे घसारा, म्हणजे वापराने घटणाऱ्या किमतीची वजावट, घेतला आहे का? घेतला असेल तर तेवढ्या बांधकामाचा नफा, घर कितीही जुने असले तरी, अल्पकालीन धरला जातो आणि त्यावर तुमच्या नेहमीच्या दराने कर बसतो.

गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक राहणार असेल तर तिला तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयातून ना-हरकत दाखला घ्या, गोव्याचा वाहनकर भरा आणि एमएच-०८ क्रमांकासाठी एकरकमी भरलेल्या करातील उरलेल्या काळाचा परतावा येथे मागा. परताव्याच्या अर्जासोबत मूळ कर भरल्याची पावती आणि गोव्यातील नव्या नोंदणीची प्रत जोडावी लागते, तेव्हा सामान बांधताना ती पावती कागदपत्रांच्या पिशवीत वेगळी काढून ठेवा.